गिअर पडतो, पण टिकत नाही

रिव्हर्स टाकला की माझी आर्गो गाडी दोन-तीन फूट मागं जायची आणि मग कडाड् आवाज करून लिव्हर आपली आपणच न्यूट्रलला. लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ) चढावर जोर लावला की तोच आवाज, फक्त थोडा दबका. हायमध्ये सरळ रस्त्यावर काही तक्रार नाही. गिअरबॉक्स उघडलेल्या माणसाला एवढ्यावरून अंदाज येतो की गिअर अडकवणारे आतले ठोकळे गोल झालेत. ते गोल का झाले, हे मात्र बॉक्स उघडून कळत नाही. त्यासाठी बॉक्सच्या बाहेर बघावं लागतं, आणि ही पोस्ट मुख्यतः त्यावर आहे.

गाडी म्हणजे सहा चाकांची जुनी आर्गो. जमिनीवर, चिखलात, बर्फावर आणि पाण्यातही चालणारी. खालची बॉडी म्हणजे सरळसरळ प्लास्टिकची बंद होडी, तिला दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर टायर. पाण्यात वेगळा पंखा वगैरे काही नाही. टायरच्या नक्षीनंच पाणी मागं ढकलत गाडी पुढं सरकते, चालत्या माणसाच्या वेगानं. कॅनडात उत्तर ओंटॅरिओत शिकारी लोक या गाड्या दलदलीतून मूस (प्रचंड मोठं हरीण) ओढून आणायला वापरतात. चार-पाचशे किलोचं जनावर, आणि वाट अशी की तिथं ट्रॅक्टर रुतेल. मी घेतली ती पॅरी साउंडच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून. गुडघे गेल्यामुळं त्यांनी शिकार सोडली होती. गाडी त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी.

मला हिचं आकर्षण वाटायचं एक कारण म्हणजे ही आमच्या जवळची. ओंटॅरिओ ड्राइव्ह अँड गिअर ही कंपनी न्यू हॅम्बर्गला आहे, किचनरपासून पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर, निथ नदीच्या काठचं छोटं गाव. कंपनी १९६२ची, मुळात गिअर बनवणारी. १९६७पासून ती या गाड्या बनवतेय आणि अजूनही बनवते. गिअर बनवणाऱ्यांनी गाडी बनवली की ती कशी असणार? गाडीत स्टिअरिंग असं काही नाही, गिअरबॉक्सच स्टिअरिंग. चाकं वळत नाहीत, सहाच्या सहा कायम सरळ.

वळते कशी, ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिनकडून बेल्टनं फिरणं गिअरबॉक्सला येतं. आत हाय-लो आणि फॉरवर्ड-रिव्हर्स, आणि त्याच्या पुढं डिफरन्शिअल. त्यातून दोन शाफ्ट निघतात, एक डावा, एक उजवा. प्रत्येक शाफ्टवर ब्रेक आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक. तिथून चेननं त्या बाजूची तिन्ही चाकं एकमेकांना जखडलेली. सरळ जाताना समजा दोन्ही शाफ्ट १०० फेऱ्यांनी फिरतायत. तुम्ही डावा ब्रेक ओढला आणि डावी बाजू ४०वर आणली, तर उजवी आपोआप १६०वर जाते. डावी पूर्ण थांबवली तर उजवी २००वर. दोन्हींची बेरीज डिफरन्शिअल कायम ठेवतं. म्हणजे वळताना गाडीची ताकद मरत नाही, ती दुसऱ्या बाजूला जाते. चिखलात याचा फायदा काय असतो ते एकदा चालवल्याशिवाय कळत नाही. आणि तोटा असा की गिअर सुटला की त्याच क्षणी वळणंही गेलं. ब्रेक ओढून गाडी फक्त थांबते. उतारावर रिव्हर्समध्ये वळत असताना हे झालं तर काय, याचा विचार करा.

बॉक्स काढायच्या आधी एक साधी तपासणी करता येते. गाडी लाकडी ठोकळ्यांवर घ्यायची, सहाही चाकं अधांतरी. गिअरमध्ये टाकायची आणि एकाला बेल्टची मागची पुली हातानं घट्ट धरायला लावायची. नुसता गिअर टाकून भागत नाही, कारण इंजिन बंद असताना पुढची पुली बेल्ट सोडूनच असते. मग डावं चाक फिरवायचं. उजवं तेवढंच उलट दिशेला फिरलं पाहिजे. आमच्याकडं डावं चाक बराच वेळ नुसतंच फिरायचं, आत कुठंतरी टक् व्हायचं आणि मग उजवं हलायचं. पुली धरायला नवरा होता. त्यानं 'नवीन बॉक्स किती पडेल?' एवढंच विचारलं. शेजारच्या गृहस्थांनी मात्र येता-जाता दरवेळी त्यालाच विचारलं, की कुठवर आलं काम. तो बिचारा माझ्याकडं बोट दाखवायचा.

तेल सोडलं तर ताकासारखं पांढुरकं निघालं. म्हणजे पाणी. तळाच्या चुंबकाला चिकटलेला चिखल बोटांत चोळला तर काळा, बारीक, लोखंडाचा. अधूनमधून पिवळी चमक, ती एखाद्या बुशची, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पिवळ्या धातूच्या नळीची. मोठा तुकडा एकही नाही, हे बघून बरं वाटलं. गिअरचा दात तुटून पडला असता तर त्यानं बाकीच्यांनाही खाल्लं असतं.

केस उघडल्यावर गिअर बघून मी खरंच खूश झाले. दातांच्या बाजूंवर घासल्याची सारखी, मध्यावर बसलेली चमक, कुठं खड्डे नाहीत. एवढ्या वर्षांनी आणि एवढ्या पाणेरी तेलात ही अवस्था म्हणजे मूळ काम उत्तम. झिजले होते ते डॉग. डॉग म्हणजे गिअरच्या चपट्या अंगावर असलेले ते ठोकळे, जे समोरच्या खाचेत बसून दोन भाग एकमेकांत अडकवतात. गिअर 'पडतो' तो यांच्यामुळं. रिव्हर्सच्या डॉगचे कोपरे असे गोल झाले होते की नख फिरवलं तर कुठं अडतच नव्हतं. मुळात ती कड काटकोनात असते. गोल झाली की जोर आला की ठोकळा खाचेतून वर सरकायला बघतो, मग शिफ्टर फोर्क (लिव्हरनं डॉग सरकवणारा काटा) त्याला दाबून धरतो, मग फोर्कचं तोंड झिजतं. तसंच झालेलं. फोर्कची एक बाजू मायक्रोमीटरनं दुसरीपेक्षा ०.४ मिलिमीटर पातळ भरली आणि तिच्यावर तापून आलेली निळी झाक होती. लिव्हर जागेवर धरणारी गोळी ठीक, तिच्यामागची स्प्रिंग दमलेली.

इथं मी कोल्हापूरला फोन लावला. आबांनी आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढलंय आणि आता डोळ्यांमुळं मशिनवर बसत नाहीत, पण फोटो मोठा करून बघतात. मी रोज इथल्या, ओंटॅरिओतल्या केंब्रिजच्या एका कारखान्यात पार्ट मोजते, मायक्रॉनच्या गप्पा मारते. तरी अशा वेळी त्यांच्याशी बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

'आबा, फोटो बघितले का?'

'बघितलं की. गिअर झ्याक हाईत. डॉगच्या कडा मेल्यात. मुळातनं तडा न्हाई न्हवं?'

'नाही. तडा दाखवणारं लिक्विड मारून बघितलं, तडा नाही.'

'मग बदलतीस कशाला? आणि हे बघ, वेल्डिंग भरून घासून देतो म्हणणारा कोण भेटला तर त्याला चहा पाज आणि लावून दे. वरचं कडक कातडं गेलं की आतलं लोखंड मऊच की गं.'

बरोबरच. असे पार्ट वरून मिलिमीटरभरच कडक केलेले असतात, आतला गाभा चिवट राहावा म्हणून मऊ ठेवतात. कानसीनं कड काढायला गेलं तर एक तर कानस घसरते, नाहीतर ते कातडंच निघून जातं. आबांनी सांगितलं ते वेगळं. डॉगची जोर घेणारी बाजू ग्राइंडरवर अगदी थोडी आतल्या अंगाला तिरकी करून घ्यायची, तीन-चार डिग्री, ठोकळ्याची आणि समोरच्या खाचेची, दोन्हीची सारखी. मग जोर आला की दोघं एकमेकांना बाहेर ढकलायच्या ऐवजी आत ओढतात. 'रेसवाली पोरं घेतात की मारून,' म्हणाले. गोलाई जिथं संपते तिथपर्यंतच जायचं, त्याच्या पुढं नाही.

एल्मायराच्या बाजूला मेनोनाइट लोकांची छोटी छोटी मशिन शॉप आहेत. दाराशी घोडागाडी आणि आत टूल ग्राइंडर. त्यातल्या एकानं माझं ड्रॉइंग बघितलं, पार्ट हातात फिरवून बघितला, 'गुरुवारी या' म्हणाला. गुरुवारी गेले तर सगळे डॉग एकाच कोनात, आणि सगळे एकाच वेळी टेकतायत. हे दुसरं महत्त्वाचं. एखादा ठोकळा बाकीच्यांच्या आधी टेकला तर सगळा भार तो एकटाच घेणार. मी निळा रंग लावून तपासलं, सगळ्यांवर ठसा आला. पैसे इतके कमी सांगितले की मीच थोडे जास्त ठेवून आले. फोर्क मात्र नवाच घेतला. पातळ झालेल्या फोर्कवर पितळ चढवणं मला पटत नाही.

बेअरिंगचं काम सोपं. बाहेरचे बोल्ट भले इंची असोत, बेअरिंग जगभर मिलिमीटरमध्ये. नंबर वाचता आला की झालं. समजा ६२०५ असेल, तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणायचं. ०५ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. बाहेरून ५२, जाडी १५. हेच बेअरिंग उद्यमनगरात पाण्याच्या मोटरीत बसतं आणि इथं किचनरच्या दुकानात त्याच नंबरानं मिळतं. कंपनीच्या पिशवीतलंच पाहिजे असा हट्ट मी धरत नाही, चांगल्या नावाचं घेते. बघायचं एवढंच की गिअरबॉक्सच्या आत दोन्हीकडून रबर लावून बंद केलेलं बसवू नये, त्याला तेल बॉक्समधलंच मिळालं पाहिजे. ऑइल सील सगळे नवे. त्यात चर्चा नको.

आता पाणी आणि डॉग, ही दोन दुखणी आली कुठून?

पाण्याचा उलगडा गमतीशीर निघाला. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक नळी असते. चालून बॉक्स गरम झाला की आतली हवा फुगून तिथून बाहेर जाते, गार झाला की परत आत येते. माझ्या गाडीच्या नळीचं तोंड कुंभारमाशीनं मातीनं लिंपून टाकलेलं. वीट भाजल्यासारखी घट्ट माती. म्हणजे गरम बॉक्स तळ्यात उतरला, गार झाला, आतली हवा आकसली, आणि वरून श्वास मिळेना म्हणून ती सीलच्या ओठांतून ओढू लागली. सीलच्या बाहेर होडीच्या तळाला साचलेलं पाणी. गाडीच्या पोटात थोडं पाणी असतंच, ॲक्सलच्या सीलमधून झिरपतं, त्यासाठी पंपही असतो. सील तेल आत अडवायला बसवलेला, बाहेरून येणाऱ्याला तो फार अडवत नाही. आता नळी लांब करून डॅशच्या खाली उंच नेलीय आणि तोंडाला बारीक जाळी.

डॉगचं कारण त्याहून लांब, पार कार्ब्युरेटरमध्ये. या गाडीला क्लच पेडल नाही. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता सावकाश चालत असेल तर पुढची पुली बेल्ट सोडते आणि तेव्हाच गिअर टाकायचा. आयडल चढलेलं असेल तर बेल्ट अर्धवट ओढत राहतो, मागची पुली फिरत राहते, आणि लिव्हर ढकलली की फिरता डॉग थांबलेल्या खाचेवर आपटतो. दरवेळी कोपऱ्याचा एक कण जातो. इंजिन आधीच्या कुणीतरी मालकानं बसवलेलं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, दोन सिलिंडरचं. त्याच्या कार्ब्युरेटरचा बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, जुन्या पेट्रोलच्या डिंकानं बंद. कमी आयडलला इंजिन मरायचं, म्हणून कुणीतरी आयडलचा स्क्रू पिळून ठेवला. त्यात पुढच्या पुलीच्या सरकत्या भागाला गंज, म्हणजे ती बेल्ट सोडायलाही तयार नाही. फॉरवर्डमध्ये हे फारसं कळत नाही, कारण गिअर सकाळी एकदा टाकला की टाकला. रिव्हर्स दिवसात शंभर वेळा. शिवाय पुढं सरकत असतानाच रिव्हर्स ओढायची बहुतेकांना सवय असते. सगळा मार तिथं बसला.

म्हणून बॉक्स बांधायच्या आधी जेट साफ केला, पुली उघडून घासली, आयडल खाली आणलं. हे न करता नवा कोरा बॉक्स बसवला असता तरी काही वर्षांत तोही याच वाटेनं गेला असता. जुन्या गाडीवाल्यांत 'सरळ दुसरा बॉक्स टाक' हा सल्ला फार सहज देतात. मला तो राग येण्याइतका नापसंत आहे.

बांधणीत मजा आली ती थंडीमुळं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. केस ८० अंशांनी जास्त गरम केली की ५२ मिलिमीटरचं घर साधारण ०.१ मिलिमीटर मोठं होतं. जुन्या सामानाच्या दुकानातून एक टोस्टर ओव्हन आणला होता, घरच्या ओव्हनमध्ये गिअर ऑइलचा वास कायमचा बसला असता. बेअरिंग गार करायला फ्रीझरची गरजच नव्हती. जानेवारीत किचनरला रात्री उणे १५पर्यंतही जातं. बेअरिंग तेल लावून, पिशवीत बंद करून मागच्या ओट्यावर ठेवली. सकाळी जाड हातमोजे घालून गरम केसमध्ये बेअरिंग सोडलं तर टप् आवाज करून तळाला जाऊन बसलं. हातोडी नाही, प्रेस नाही. दोन-तीन सेकंद मात्र मिळतात, तेवढ्यात तिरकं गेलं की संपलं.

गॅस्केट मी हातानं केलं. हल्ली सगळे ट्यूबमधली पेस्ट लावतात. पण मूळ रचनेत केसच्या दोन भागांमध्ये कागदी गॅस्केट असेल, तर त्याची जाडी शाफ्टच्या मोकळिकीत धरलेली असते. कागद काढून नुसती पेस्ट लावली की तेवढी मोकळीक कमी, आणि शाफ्ट बेअरिंगला दाबून फिरतो. तेव्हा त्याच जाडीचा गॅस्केट पेपर आणला, केसवर पसरला, आणि कडेनं छोट्या गोल तोंडाच्या हातोडीनं टुकटुक करत गेले. केसची कडच कागद कापते. बोल्टच्या भोकांवर जुन्या बेअरिंगचा छर्रा ठेवून एक टोला, गोल भोक तयार. उद्यमनगरात पोरं हे कामावर लागल्याच्या पहिल्या आठवड्यात शिकतात. जोर फार लावायचा नाही, ॲल्युमिनियमची कड दबते. मग डायल गेज लावून शाफ्ट पुढं-मागं हलवून बघितला. मोकळीक जास्त वाटली तिथं एक पातळ शिम (पत्र्याची चकती) वाढवली आणि परत मोजली.

चाकांची हवा ही बाब लोक विसरतात. या टायरांत फक्त दोन-तीन पीएसआय हवा असते, आणि एका बाजूची तिन्ही चाकं चेननं बांधलेली. एकात हवा जास्त असली की ते मोठं होतं, बाकीच्या दोघांशी त्याची ओढाताण चालू होते आणि ताण चेनवर, तिथून बॉक्सवर. पेट्रोल पंपावरचं गेज इथं कुचकामी. मी प्रत्येक चाकाचा घेर टेपनं मोजून सारखा केला.

बर्फ वितळल्यावर ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या तळ्यावर नेली. रिव्हर्समध्ये चढावर, अर्धा ब्रेक ओढून, मुद्दाम जोर दिला. लिव्हर हललीही नाही. उलट न्यूट्रलला आणताना आता जोर सोडावा लागतो, नाहीतर डॉग एकमेकांना सोडत नाहीत. तिरका कोन मारल्यावर असं होणारच, सवय करून घ्यायची. पाण्यात उतरल्यावर ब्रेक भिजून जरा मऊ पडतात आणि वळण मोठं घ्यावं लागतं, ते आधीही होतं.

थोडं चालवून झाल्यावर नवं तेल काढून बघितलं. मधाच्या रंगाचं, स्वच्छ. चुंबकावर राखाडी पूड थोडी, ती नव्या कडा एकमेकींत बसल्याची, पुढच्या वेळी कमी असायला हवी. आबांना फोटो पाठवला. 'झालं की मग' असं उत्तर आलं, आणि त्याखाली चेनच्या फोटोभोवती लाल गोल. मागच्या डाव्या चेनचा ताण सगळा संपलाय, चेन ताणून धरणारा टेन्शनर शेवटाला टेकलाय. कड्यांची पूर्ण जोडी काढली तर चेन आखूड पडतेय, म्हणून अर्धी कडी घालून बघायची की तीनही चेन एकदम नव्या टाकायच्या, यावर सध्या आमचं एकमत होत नाहीये. ते म्हणतात अर्धी कडी हा कच्चा दुवा. मी नव्या चेनचे भाव बघतेय.